उन्हाळ्यातले आभाळ: ढगाचा पाया आणि ढगाचा माथा

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात दुपारी एकच्या सुमारास पुण्यातल्या एखाद्या उंच गच्चीवर गेले, तर आग्नेयेला दिवेघाटाच्या अंगाला पांढऱ्या ढगांची एक ओळ बऱ्याचदा दिसते. वरून ते फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे फुगीर आणि गाठीगाठींचे असतात, पण खालची बाजू सगळ्यांची एकाच उंचीवर, सुरीने कापावी तशी सपाट असते. जणू न दिसणाऱ्या एका काचेच्या फळीवर कोणी ते मांडून ठेवले आहेत. ही फळी किती उंचीवर आहे आणि तिच्यावर ठेवलेला ढग आणखी किती वर जाणार आहे, या दोन गोष्टी कळल्या की उन्हाळ्यातले आभाळ पुष्कळसे कळते. पहिला प्रश्न ढगाच्या पायाचा आहे आणि दुसरा त्याच्या माथ्याचा.

आधी पाया पाहू. भर दुपारी तापलेली जमीन आपल्याला लागून असलेली हवा तापवते, ती हलकी होते आणि वर निघते. वर हवेचा दाब कमी असल्यामुळे ही हवा प्रसरण पावते आणि त्या प्रसरणातच तिची उष्णता खर्ची पडते. सायकलच्या चाकात हवा भरताना पंपाचे नळकांडे हाताला गरम लागते, कारण आत हवा दाबली जात असते. येथे नेमके त्याच्या उलट घडते. वर चढणारी कोरडी, म्हणजे अजून ढग न झालेली हवा दर किलोमीटरला सुमारे दहा अंश सेल्सिअसने थंड होत जाते आणि अशी थंड होता होता एका उंचीवर तिच्यातली वाफ तिला पेलवेनाशी होते. फ्रीजमधून काढलेल्या पाण्याचा स्टीलचा पेला ओट्यावर ठेवला की त्याच्या अंगाला बाहेरून घाम फुटतो, तोच हा प्रकार आहे. ज्या तापमानाला हा घाम फुटू लागतो, त्याला दवबिंदू तापमान म्हणतात. वर चढणाऱ्या हवेने ज्या उंचीवर ते गाठले, तेथे ढगाचा पाया पडला. आसपासच्या हवेत वाफेचे प्रमाण साधारण सारखेच असल्यामुळे शेजारशेजारच्या सर्व ढगांचे पाये एकाच पातळीत येतात.

ही उंची काढण्याचा एक सोपा आडाखा आहे. जमिनीवरच्या तापमानातून दवबिंदू वजा करावा आणि येणाऱ्या आकड्याला १२५ ने गुणावे. उत्तर मीटरमध्ये येते. समजा, पुण्यात दुपारी तापमान ४० अंश आहे आणि दवबिंदू १६ अंश. फरक २४ अंशांचा, म्हणजे पाया जमिनीपासून सुमारे ३,००० मीटरवर. त्याच दिवशी मुंबईत तापमान ३४ आणि दवबिंदू २५ असेल, तर फरक नऊ अंशांचाच आणि पाया साधारण ११०० मीटरवर. जून उजाडून पुण्यात तापमान २८ आणि दवबिंदू २४ झाला, की तोच पाया ५०० मीटरवर उतरतो. वर्तमानपत्रांत तापमानाशेजारी सापेक्ष आर्द्रतेचा आकडा छापण्याची पद्धत आहे, पण सापेक्ष आर्द्रता तापमानाबरोबर दिवसभर वरखाली होत राहते, त्यामुळे पहाटेचा आकडा मोठा आणि दुपारचा लहान दिसतो आणि हवेत वाफ प्रत्यक्षात किती आहे याचा वाचकाला पत्ता लागत नाही. माझ्या मते दवबिंदू छापणे अधिक उपयोगाचे ठरेल. तो १५ च्या खाली असला तर कोरडा उन्हाळा, २० च्या पुढे गेला तर घालमेल आणि २४-२५ झाला तर अंगावरचा घाम सुकणार नाही, इतके तरी त्यावरून सरळ कळते.

वाफेचे पाणी होण्यासाठी टेकायला काहीतरी लागते. समुद्रावरून आलेले मिठाचे कण, रस्त्यांची धूळ, शेतातले पाचट जाळल्याचा धूर, अशा सूक्ष्म कणांवर पाण्याचे थेंबुकले बसते. त्याचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्याच्या आसपास असतो आणि पावसाचा एक मध्यम थेंब व्हायला अशी सुमारे दहा लाख थेंबुकली एकत्र यावी लागतात. हे थेंबुकले सेकंदाला जेमतेम सेंटिमीटरभर वेगाने खाली येते, त्यामुळे खालून येणारा मंद झोतही त्याला तोलून धरतो. म्हणूनच एक किलोमीटर लांब, तितकाच रुंद आणि तितकाच उंच असा साधा पांढरा ढग पोटात सुमारे ५०० टन पाणी बाळगूनही आरामात तरंगतो. ‘काळाभोर ढग म्हणजे पाण्याने भरलेला ढग’ ही समजूत अर्धीच खरी आहे. ढग जाड झाला की वरचा उजेड त्याच्यातून खाली पोहोचत नाही, म्हणून त्याचे पोट काळे दिसते. त्याच वेळी त्याच ढगाची उन्हातली बाजू पन्नास किलोमीटरवरून पाहणाऱ्याला चुन्यासारखी पांढरी दिसते.

ढगांना आज सर्वत्र वापरली जाणारी नावे लंडनमधल्या ल्यूक हॉवर्ड या औषधविक्रेत्याने १८०२ साली एका व्याख्यानात सुचवली. त्याने लॅटिनमधले चार शब्द घेतले: केसांच्या बटेसाठी सिरस, राशीसाठी क्युम्युलस, थरासाठी स्ट्रेटस आणि पावसाळी ढगासाठी निम्बस. यांच्याच जोड्या लावून पुढे दहा मुख्य प्रकार ठरले. आंतरराष्ट्रीय मेघसंग्रहाची पहिली आवृत्ती १८९६ साली निघाली आणि जागतिक हवामान संघटनेचा मेघसंग्रह आजही हेच दहा प्रकार मानतो. आपल्याकडे भूगोलाच्या पुस्तकात त्यांचा तक्ता असतो आणि परीक्षेपुरता तो पाठही होतो, परंतु त्या तक्त्यातली उंची डोक्यात धरून आभाळाकडे पाहणाऱ्याची फसगत होते. तक्ता सांगतो की राशीचे ढग, म्हणजे क्युम्युलस, दोन किलोमीटरच्या आतले. आणि आपण तर आताच पाहिले की पुण्यात एप्रिलमध्ये त्यांचा पायाच तीन किलोमीटरवर असतो. तेव्हा उंचीपेक्षा आकार पाहावा. बट, रास की थर, एवढे ठरवले की बाकीचे मागाहून ठरवता येते.

लहान लहान तुकड्यांचे ढग असतील तर त्यांची उंची ताडण्याची एक युक्ती आहे. आभाळात बऱ्यापैकी वर असलेल्या ढगाकडे हात पूर्ण लांबवून बोटे धरावीत. एकेक तुकडा करंगळीच्या रुंदीआड लपत असेल, तर ते अतिउंचावरचे सिरोक्युम्युलस. तुकडा करंगळीपेक्षा मोठा, पण शेजारशेजारच्या तीन बोटांआड मावणारा असेल, तर मधल्या उंचीवरचे अल्टोक्युम्युलस. तीन बोटांनाही आवरत नसेल, तर तो खालचा स्ट्रॅटोक्युम्युलस.

महाराष्ट्राच्या उन्हाळ्यात हे प्रकार एकदम येत नाहीत. त्यांची हजेरी थोडीफार महिन्यांनुसार लागते. फेब्रुवारी-मार्चमध्ये पश्चिमेकडून सिरसच्या बटा येतात. उत्तर भारतावरून जाणाऱ्या पश्चिमी विक्षोभांच्या, म्हणजे पश्चिमेकडून सरकत येणाऱ्या कमी दाबाच्या प्रणालींच्या काळात आपल्या डोक्यावरही, आठ-दहा किलोमीटर उंचीवर जोरदार पश्चिमी वारे असतात आणि हे हिमकणांचे ढग त्या वाऱ्यात विंचरल्यासारखे लांबतात. त्यांच्यातून पाऊस पडत नाही. मात्र त्यांचाच पातळ, दुधट पडदा सगळ्या आभाळावर पसरला, तर सूर्याला किंवा चंद्राला खळे पडते. हे खळे म्हणजे सहा बाजूंच्या हिमकणांतून वळलेला उजेड. त्याची त्रिज्या नेहमी सुमारे २२ अंश असते, म्हणजे हात लांबवून पंजा ताणल्यास अंगठ्यापासून करंगळीपर्यंत जेवढे अंतर होईल साधारण तेवढी. खळे पडले की पाऊस येतो असे गावाकडे म्हणतात. वर ओल आली आहे एवढे त्यातून खरेच कळते, पण उन्हाळ्यात ती ओल खालपर्यंत पोहोचेलच असे नाही, आणि बहुतेक वेळा ती पोहोचत नाही.

मधल्या उंचीवरच्या ढगांकडे आपण फारसे लक्ष देत नाही, आणि उन्हाळ्यात खरी बातमी तर त्यांच्याकडेच असते. सकाळी आठ-नऊ वाजता मेंढरांचा कळप पांगल्यासारखे अल्टोक्युम्युलस दिसले आणि त्यातल्या काहींच्या डोक्यावर किल्ल्याच्या बुरुजांसारखे बारीक कोंब उभे राहिलेले असले, तर चार-पाच किलोमीटर उंचीवरची हवा अस्थिर झाली आहे असे समजावे. अशा दिवशी दुपारनंतर वळीव येण्याची शक्यता वाढते. तासगावकडे बेदाण्याच्या शेडवर द्राक्षे वाळत असतात किंवा कुणाचा कांदा काढून शेतात पडलेला असतो, तेव्हा या बारीक कोंबांकडे पाहून ताडपत्री हाताशी ठेवण्याएवढा वेळ मिळू शकतो.

आता माथ्याकडे वळू. तापमान ४३ अंश, झळा अंगाला लागत आहेत आणि आभाळात बोटभरही ढग नाही, असे दिवस चंद्रपूर, अकोला, नागपूर येथे सलग येतात. एवढी उष्णता असून ढग का होत नाहीत? याचे एक कारण ओलीचे दुर्भिक्ष, आणि दुसरे तितकेच महत्त्वाचे कारण म्हणजे वरचे झाकण. हवेच्या जास्त दाबाच्या क्षेत्रात वरची हवा सावकाश खाली उतरत असते आणि खाली उतरताना दाबली जाऊन तापते, त्यामुळे दोन-तीन किलोमीटर उंचीवर गरम, कोरड्या हवेचा एक थर तयार होतो. खालून निघालेली हवा तेथवर पोहोचते, तर तिला आजूबाजूची हवा आपल्यापेक्षा गरम भेटते आणि तिचे वर जाणे तेथेच खुंटते. दुपारी एकला दिसलेले राशीचे ढग कित्येकदा चारपर्यंत विरून जातात, ते यामुळेच. त्यांना पाया लाभलेला असतो, पण माथा वाढवायला वाव नसतो. उकाडा असह्य झाला म्हणजे संध्याकाळी पाऊस येणारच, हे गणित म्हणूनच अनेकदा चुकते. भारतीय हवामान विभागाच्या निकषांनुसार मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० अंश असून ते सरासरीपेक्षा ४.५ अंश किंवा अधिक चढले, की उष्णतेची लाट मानतात. किनाऱ्यासाठी ही किमान मर्यादा ३७ अंशांची आहे. लाटेच्या दिवसांत आभाळ बहुधा स्वच्छच असते.

झाकण उघडते तेव्हा मात्र मोठा खेळ होतो. अरबी समुद्रावरून किंवा बंगालच्या उपसागरावरून ओलसर वारे आत येतात आणि उत्तरेकडून किंवा वायव्येकडून येणाऱ्या कोरड्या वाऱ्यांना भेटतात. विदर्भापासून मराठवाड्यावरून दक्षिणेकडे हवेच्या कमी दाबाची द्रोणी, म्हणजे लांबट पट्टा, पसरल्याचे हवामान विभागाच्या अंदाजात एप्रिल-मेमध्ये वारंवार वाचायला मिळते, ती याच भेटीची जागा. तेथे हवा नुसती तापल्यामुळेच नव्हे, तर दोन्ही बाजूंनी रेटली गेल्यामुळेही वर चढते. एकदा ती ढगाच्या पायापलीकडे गेली, की वाफेचे पाणी होताना बाहेर पडणारी उष्णता तिला आतून ऊब देत राहते. मग ती किलोमीटरला दहा अंशांऐवजी पाच-सहा अंशांनीच थंड होते, आजूबाजूच्या हवेपेक्षा गरम राहते आणि आपल्याच जोरावर वर धावते. फ्लॉवरच्या गड्ड्यावर गड्डा चढत जातो आणि तासाभरात, कधी त्याहूनही लवकर, माथा दहा-बारा किलोमीटरवर जातो. आपल्या अक्षांशांवर सुमारे १६ किलोमीटरच्या आसपास वातावरणाचे असे छत लागते की त्यापुढे हवा सहसा चढू शकत नाही. तेथे माथा आडवा पसरतो आणि त्याला लोहाराच्या ऐरणीचा आकार येतो. हाच क्युम्युलोनिम्बस, आपला वळिवाचा ढग. ऐरणीच्या कडा तंतुमय, धूसर दिसू लागल्या म्हणजे तेथे हिमकण झाले असे समजावे. तोवर फ्लॉवरसारख्या ठसठशीत दिसणाऱ्या कडा पाण्याच्या थेंबांच्या असतात. इतका उंच ढग शे-दीडशे किलोमीटरवरूनही दिसतो, आणि रात्री पुण्याच्या गच्चीवरून पूर्व क्षितिजावर जी मुकी वीज लखलखताना दिसते, ती पुष्कळदा सोलापूर-अहिल्यानगरकडच्या एखाद्या ढगातली असते. गडगडाट साधारण पंधरा-वीस किलोमीटरपलीकडे ऐकू येत नाही.

वळीव येण्याआधी सोसाट्याचा वारा का सुटतो, याचे उत्तर विदर्भातल्या कूलरमध्ये आहे. वाळ्याच्या ओल्या ताट्यांतून कोरडी हवा ओढली की पाण्याची वाफ होते आणि हवा थंडगार होते. मुंबईच्या दमट हवेत तोच कूलर नुसता ओल पसरवतो. वळिवाच्या ढगाचा पाया तीन किलोमीटरवर असतो आणि त्याखाली असते ती वैशाखातली कोरडीठाक हवा. ढगातून सुटलेले थेंब या हवेतून पडताना वाटेतच आटू लागतात. कधी सगळेच आटतात, आणि मग ढगाच्या पोटाखाली राखाडी झालर लोंबताना दिसते, पण जमीन कोरडीच राहते. या आटण्याने हवा झपाट्याने थंड होते, थंड झाल्याने जड होते आणि दाणकन खाली कोसळते. जमिनीवर आपटून ती चहूबाजूंना पसरते, तोच तो वारा. ४० अंशांची हवा आणि १६ अंश दवबिंदू या आपल्या उदाहरणात ती अशी भिजून पंचवीस अंशांच्या आसपास येऊ शकते, म्हणजे पंधरा मिनिटांत उन्हाळ्याचा हिवाळा. पावसाच्या पुढे चार-पाच किलोमीटर हा वारा धावत येतो, पत्रे उडवतो, कैऱ्या पाडतो, रस्त्यावरची धूळ भिंतीसारखी उभी करतो, आणि कुठेतरी आधीच भिजलेल्या मातीचा वास बरोबर आणतो. म्हणून आधी वास येतो आणि पाऊस मागून येतो. पाया जितका उंच आणि खालची हवा जितकी कोरडी, तितका वारा दांडगा. जुलैतल्या पावसात असा झपाटा क्वचितच असतो, कारण तेव्हा खालची हवा आधीच ओलीचिंब असते आणि थेंबाला आटायला वावच नसतो.

गारांचे गणितही पाया-माथ्याचेच आहे. उन्हाळ्यात आपल्याकडे शून्य अंशाची पातळी साडेचार-पाच किलोमीटरवर असते. तिच्या वर थेंब शून्याखाली थंड होऊनही पाणीच राहिलेले असतात आणि एखाद्या गोठलेल्या कणाला ते आदळले की त्यावर बर्फाचे पुट चढते. खालून येणारा झोत जोरदार असेल तर तो कण वरच तोलला जातो आणि पुटांवर पुटे चढत राहतात. झोताला वजन पेलेनासे झाले की गार पडते. गार फोडून पाहिली तर कांद्यासारखे थर दिसतात, कधी दुधट तर कधी काचेसारखे. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये वरची हवा थंड असल्याने ही शून्याची पातळी काहीशी खाली असते, त्यामुळे गारेला वितळायला वाट कमी मिळते. २०१४ च्या फेब्रुवारीअखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रात झालेल्या गारपिटीने रब्बी पिकांची आणि फळबागांची केलेली नासाडी अनेकांच्या स्मरणात असेल.

याच गोठलेल्या कणांच्या घासाघाशीतून ढगात वीज साठते. हलके हिमकण एक भार घेऊन माथ्याकडे जातात, जड कण उलटा भार घेऊन मध्यावर राहतात. चमक आणि आवाज यांच्यात जितके सेकंद गेले त्याला तीनने भागले की किलोमीटरमधले अंतर मिळते. तीस सेकंद म्हणजे दहा किलोमीटर; पण ढगाची वीज एवढ्या अंतरावरही पडू शकते, म्हणून तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर पक्क्या इमारतीत जाण्याची वेळ झालेली असते. झाडाखाली थांबणे सर्वांत वाईट. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ हे ॲप जवळपासच्या विजांची सूचना मोबाइलवर देते, आणि शेतात काम करणाऱ्याच्या खिशात ते असावे.

येथे शब्दांविषयी एक तक्रार नोंदवून पुढे जातो. अलीकडे मेमध्ये दोन सरी पडल्या तरी बातमी ‘अवकाळी’ची होते. मार्च ते मे हा हवामान विभागाच्या लेखी पूर्वमोसमी काळच आहे आणि एप्रिल-मेमधला वळीव हा त्या काळाचा ठरलेला पाहुणा आहे. हिवाळ्यात, ऐन जानेवारीत पाऊस पडला तर त्याला अवकाळी म्हणावे. ‘ढगफुटी’चेही तसेच. मर्यादित क्षेत्रावर एका तासात १०० मिलिमीटर किंवा अधिक पाऊस झाला तरच हवामान विभाग तो शब्द वापरतो. तासभरात ४० मिलिमीटर पडून रस्ते तुंबले, तर त्यात ढगाचा दोष थोडा आणि नाल्यांचा मोठा असतो.

कोकणपट्टीचा उन्हाळा वेगळा. तेथे दुपारी खारे वारे समुद्रावरची ओल आत आणतात, तापमान ३४-३५ च्या पुढे फारसे जात नाही आणि ढगाचा पाया खालीच असतो, पण समुद्रावरून येणारी हवा तुलनेने थंड असल्याने ढगाला वर उचलणारा जोर किनाऱ्यावर कमी पडतो. तोच वारा सह्याद्रीला भिडला की उचलला जातो आणि दुपारनंतर घाटमाथ्यावर ढगांच्या राशी उभ्या राहतात. हाच वारा संध्याकाळी घाट ओलांडून पुण्यात पोहोचतो आणि दिवसभर ३९ अंशांत भाजलेल्या शहराला रात्री शाल आठवते. उलट ज्या रात्री मधल्या उंचीवर थराचे ढग पसरलेले असतात, त्या रात्री जमिनीतून निघालेली उष्णता ते ढग शोषून काही प्रमाणात परत खाली सोडतात आणि मध्यरात्रीपर्यंत भिंती गरमच राहतात.

मेच्या तिसऱ्या आठवड्यापासून, कृत्तिका नक्षत्र सरून रोहिणी लागते त्या सुमारास, आभाळाची चाल बदलते. उंच, एकांड्या ऐरणींबरोबरच पश्चिमेकडून खालून पळणारे राखाडी स्ट्रॅटोक्युम्युलसचे तुकडे दिसू लागतात. ते पाऊस देत नाहीत, पण अरबी समुद्रावरची ओल आता नियमित आत येऊ लागल्याचे ते सांगतात. मोसमी पाऊस केरळात सरासरीने १ जूनला आणि मुंबईत ११ जूनला पोहोचतो. २०२५ साली तो २६ मे रोजीच मुंबईत आला, आणि त्या वर्षी वळीव कधी संपला व पावसाळा कधी लागला हे सामान्य माणसाला कळलेसुद्धा नाही. आभाळाकडे पाहून मात्र ते ओळखता येते. वळिवाला ढगांमध्ये निळी मोकळी जागा असते, माथा उंच असतो, तो तासाभरात बरसून मोकळा होतो आणि पुण्याकडे तो अनेकदा पूर्वेकडून येतो. मोसमी ढग पश्चिमेकडून येतात, थराने येतात आणि त्यांना कडाच सापडत नाहीत. निम्बोस्ट्रेटसची ती एकसंध राखाडी चादर तासन्‌तास रिपरिपत राहते.

पुणेकरांना तर यासाठी एक पट्टीच मिळालेली आहे. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आहे आणि सिंहगडाचा माथा सुमारे १,३०० मीटरवर, म्हणजे शहराच्या वर जवळपास साडेसातशे मीटर. एप्रिलच्या दुपारी ढगांचा पाया गडाच्या चौपट उंचीवर असतो. मग जूनमध्ये एखाद्या सकाळी गडावरचा दूरदर्शनचा मनोरा आधी टोकापासून आणि मग पुरता दिसेनासा होतो, आणि ढगाचा पाया साडेसातशे मीटरच्या आत उतरल्याचे गच्चीवरूनच कळते.